मायचं वेगळं ताट

आमच्या वस्तीत मुलगी घर सोडून दूर जाते ती एकाच कारणानं. त्यामुळे मी शिकायला इंग्लंडला जाणार हे कळल्यावर लोकांनी त्यांना जे येत होतं तेच केलं. लग्न ठरलेल्या मुलीला बोलवतात तसं त्यांनी मला घरोघर जेवायला बोलवायला सुरुवात केली. आज एका घरी पुरणपोळी, उद्या दुसऱ्या घरी गव्हाची खीर, परवा आणखी कुणाकडे अंड्याचा रस्सा आणि ज्वारीची भाकरी. जेवण होत आलं की घरातली थोरली बाई जवळ सरकायची, आपल्या ताटातला एक घास माझ्या तोंडात घालायची आणि डोळ्याला पदर लावायची. मी कुठल्याच सासरी निघाले नव्हते, पण रडायची रीत ठरलेली होती आणि ती बदलायला कुणी तयार नव्हतं.

तेव्हा माझ्या हातात काय होतं? तिकडच्या विद्यापीठानं दिलेली जागा होती आणि सरकारी शिष्यवृत्ती मंजूर झाल्याचा निरोप होता. व्हिसा नव्हता. बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी, ही म्हण आमच्याच तुरीच्या मुलखात जन्मली असावी असं मला त्या दिवसांत फार वाटायचं. मी मायला सांगायची की अजून काही खरं नाही, लोकांना जरा थांबव. माय म्हणायची, लोक प्रेमानं बोलवायलेत, त्यांना न्हाई कसं म्हणावं. खरं तर तिलाच थांबायचं नव्हतं. प्रत्येक जेवणाला ती माझ्याबरोबर यायची, इस्त्रीची साडी नेसून, आणि मी काय शिकायला चाललेय ते घरच्या बाईला माझ्यापेक्षा चांगलं समजावून सांगायची.

मी तुरीचा मर रोग शिकत होते. तूर फुलावर येते, शेतकरी निश्चिंत होतो आणि उभं झाड वाळायला लागतं. मातीत एक बुरशी असते, ती मुळातून आत शिरते. कलबुर्गीच्या विद्यापीठात, म्हणजे आमच्याकडची माणसं अजून जिला गुलबर्गाच म्हणतात तिथं, मी एम.एस्सी. करताना त्यावर काम केलं. माझ्या मार्गदर्शक मॅडमनी ते काम तिकडच्या एका प्रयोगशाळेला दाखवलं आणि पुढचं सगळं त्यातून झालं. माय हे सगळं एका वाक्यात सांगायची. माझी पोरगी तुरीची डॉक्टर व्हायलीय, आन रोग तिकडं विमानानं जाऊन बगणार हाय.

आमचं गाव कानडी मुलखातल्या हुमनाबाद तालुक्यात, दुबलगुंडीपासून जवळ. घर विहाराच्या मागच्या ओळीत. अप्पा, म्हणजे माझे वडील, गवंडीकाम करतात. आमच्या वस्तीत शाळेची पायरी न चढलेल्या माणसालाही परदेशी शिक्षण म्हणजे काय ते माहीत आहे, कारण ते प्रत्येक घराच्या भिंतीवर आहे. कोट, चष्मा, हातात पुस्तक. लहानपणी मी अभ्यास टाळला की अप्पा तोंडानं काही बोलायचे नाहीत, नुसतं फोटोकडे बघायचे. मला त्या बघण्याचा राग यायचा. एवढा मोठा माणूस भिंतीवर असला की खाली बसलेल्या पोरीला नुसतं पास होऊन भागत नाही. पण शिष्यवृत्तीचा निरोप आला त्या दिवशी मीही आधी फोटोकडेच बघितलं, हेही खरं आहे.

आता मायबद्दल सांगायला हवं, कारण पुढं जे झालं ते तिच्याशिवाय कळणार नाही.

मी लहान असताना माय डाळमिलमध्ये कामाला जायची. तूर भरडली की तिचा बारीक कोंडा उडतो, तो नाकातोंडात जातो. तिथल्या सगळ्याच बायका खोकायच्या, म्हणून माय खोकायला लागली तेव्हा कुणाला काही वाटलं नाही. मिलचा खोकला, असं म्हणून ती गूळ-मिरी खायची आणि मला कुशीत घेऊन झोपायची. पुढं थुंकीत रक्त दिसलं तेव्हा सरकारी दवाखान्यात तपासलं आणि टीबी निघाला.

माय औषधाला पक्की होती. गोळ्यांनी तोंड कडू व्हायचं, मळमळायचं, तरी तिनं एक दिवस चुकवला नाही. आरोग्य खात्याच्या आशाताई घरी यायच्या, तिला समोर गोळ्या घ्यायला लावायच्या आणि सांगायच्या की खोकताना तोंडावर पदर धर, ताटवाटी वेगळी करायची काही गरज नाही, ताटानं हा रोग जात नाही. मायनं ऐकून घेतलं आणि तरी एक अल्युमिनिअमचं ताट आणि एक पेला आपल्यासाठी वेगळा काढला. जेवण झालं की ती स्वतः ते ताट घासायची आणि दाराशेजारच्या देवळीत ठेवायची.

अप्पा इतके चिडलेले मी आधी कधी बघितले नव्हते. त्यांच्या लहानपणी हमरस्त्यावरच्या हॉटेलात आमच्या माणसांच्या कपबश्या बाहेर, भिंतीतल्या कोनाड्यात ठेवलेल्या असायच्या. चहा प्यायचा, कप आपणच विसळायचा आणि परत तिथंच ठेवायचा. ते दिवस मोडून काढायला बापजाद्यांचा जन्म गेला आणि आता आपल्याच घरात, आपल्याच बाईचं ताट कोनाड्यात. ते म्हणाले, "ह्या घरात येगळं भांडं चालायचं न्हाई." माय म्हणाली, लेकरू हाय घरात. ताट देवळीतच राहिलं.

माय बरी झाली. पूर्ण बरी झाली. मग ते ताट परसात गेलं, कोंबड्यांना कण्या टाकायला. आणि माय आमच्या भागातली पुढारीण झाली म्हणायला हरकत नाही. आरोग्य खात्याचा कार्यक्रम असला की तिला बोलवायचे. ती उठून उभी राहायची आणि आधी मराठीत, मग कानडीत सांगायची की मला हा रोग झाला होता, मी लपवला नाही, सगळ्या गोळ्या खाल्ल्या, आज तुमच्यापुढं उभी हाय. तिच्या पेटीत छातीचे दोन एक्स-रे होते, आजारातला आणि बरं झाल्यानंतरचा. शेजारच्या गावात कुणाला टीबी निघाला आणि घरचे घाबरले की माय ते घेऊन जायची, उन्हात धरायची आणि दाखवायची, हे बगा, हितं डाग व्हता, आता न्हाई. लोकांना दागिन्यांचा अभिमान असतो. मायला त्या दोन फिल्मांचा होता, आणि मला तो नेहमीच योग्य वाटत आला आहे.

व्हिसासाठी जायच्या आधी टीबीची तपासणी करावी लागते हे मला उशिरा कळलं. शिष्यवृत्तीचा आदेशच उशिरा हातात आला, त्यामुळे सगळंच मागं सरकलं होतं. ठरवून दिलेल्या दवाखान्यातच ती करायची, आणि आम्हाला जवळचा म्हणजे हैदराबादचा. अप्पा म्हणाले, हत्ती गेला, शेपूट राहिलं. मायचा चेहरा तर उजळला. इतके महिने घरात माझं इंग्रजी, माझ्या परीक्षा, मॅडमचे फोन चाललेले आणि तिला त्यातलं काही कळायचं नाही. आता पहिल्यांदा तिच्या विषयातलं काही निघालं होतं. मी येते संगं, ती म्हणाली, मला ठावं हाय तिथं काय काय इचारतेत ते.

निघताना तिनं दोन्ही एक्स-रे पिशवीत घातले. मी विचारलं, हे कशाला? ती म्हणाली, घरात रोग व्हता आन तो पुरा बरा झाला, ह्याचा पुरावा नको का. मला ते बरोबरच वाटलं. आम्ही ज्या लोकांत वाढलो तिथं लपवणं ही चूक होती आणि सांगणं हा इलाज होता. लपवलं म्हणून माणसं मेलेली आम्ही बघितली होती. माझ्या दोन पदव्यांना त्या घडीला याच्यापेक्षा वेगळं काही सुचलं नाही.

दवाखाना थंड आणि स्वच्छ होता. माझ्यासारखी बरीच मुलं आईबापांबरोबर बसलेली, सगळ्यांच्या मांडीवर तशाच फायली. माझी फिल्म काढली आणि आम्हाला आत बोलावलं. डॉक्टरीण मध्यम वयाची, बोलायला मऊ. तिनं माझ्याशी इंग्रजीत सुरुवात केली, पण मायला बघून ती दखनी उर्दूवर आली. आमच्याकडे तिन्ही-चारी भाषा येतात, माय दखनी बोलते तेव्हा हैदराबादचीच वाटते.

खोकला आहे का, ताप येतो का, वजन कमी झालंय का, सगळ्याला मी नाही म्हणाले. मग तिनं विचारलं, "घर में किसकू टीबी हुआ था क्या?"

मी थांबले. किती थांबले ते सांगता येत नाही, पण थांबले एवढं नक्की. आमच्या घरी रोज वंदना होते, पंचशील म्हणताना खोटं बोलणार नाही असं मी बोलायला लागल्यापासून म्हणत आले आहे, आणि तरी त्या क्षणी माझ्या तोंडात नाही आलं होतं. ते बाहेर पडायच्या आत माय बोलली.

"मेरेकू हुआ था," ती म्हणाली, सभेत उभी राहून सांगते त्याच आवाजात. "सब गोलियाँ खाई. एक दिन भी नागा नै करी." आणि तिनं पिशवीतून दोन्ही फिल्मा काढून टेबलावर ठेवल्या.

डॉक्टरणीनं त्या उजेडाच्या पेटीवर लावल्या, नीट बघितल्या. मायचं तिनं कौतुक केलं, अगदी मनापासून केलं. मग विचारलं की तेव्हा ही मुलगी कुठं झोपायची. माय हसून म्हणाली, "मेरे पासिच. और कहाँ सोती?"

मग डॉक्टरीण माझ्या फिल्मकडे वळली. उजव्या फुप्फुसाच्या वरच्या टोकाशी एक बारीक खूण होती. ती म्हणाली की बहुतेक जुनी असेल, कधीतरी लहानपणी होऊन आपोआप बरी झालेली, पुष्कळांना असते आणि कळतही नाही. पण घरात रोग होऊन गेलाय आणि फिल्मवर खूण आहे, अशा वेळी नियम सरळ आहे. थुंकी तपासायची, आणि तिच्यात जंतू वाढतात का ते बघायला कित्येक आठवडे थांबायचं. तोवर दाखला मिळणार नाही. मी विचारलं की मला खोकलाच नाही तर थुंकी कुठून आणू. ती म्हणाली, मिठाच्या पाण्याची वाफ देऊन काढतात. मी विचारलं की माझा वर्ग त्याच्या आधी सुरू होतोय, त्याचं काय करायचं. तिनं माझ्याकडे बघितलं आणि सॉरी म्हणाली. तिची काही चूक नव्हती. कुणाचीच चूक नसलेल्या गोष्टीचा माणसानं राग कुणावर काढायचा, हे मला आजवर कळलेलं नाही.

मायला अजून समजलं नव्हतं. बाहेर आल्यावर तिनं विचारलं, झालं का गं, दिला का दाखला? मी तिला सांगितलं. ती फिल्मा पिशवीत घालत होती, ते काम तिनं सावकाश पूर्ण केलं आणि पिशवीचं तोंड बांधलं.

सलग तीन दिवस सकाळी वाफ घेऊन थुंकी द्यायची होती, म्हणून आम्ही तिथल्या एका नातेवाइकाकडे राहिलो. परतीच्या बसमध्ये माय पिशवी मांडीवर धरून बसली. मन्नाएखेळ्ळीला बस चहाला थांबली. मी तिला चहा आणून दिला, तो तिनं हातात धरला पण प्यायली नाही. मग म्हणाली, "मी बोलले म्हणून झालं का?"

मी न्हाई म्हणाले. फिल्मवर दिसलंच होतं, असं म्हणाले. ते खरंही असेल, नुसत्या खुणेवरही त्यांनी थुंकी मागितली असती. किंवा नसतीही मागितली. ते मला ठाऊक नाही आणि कधी कळणारही नाही. पण माझा आवाज कोरडा होता, आणि मला तिचा राग आला होता. बसच्या खिडकीला डोकं टेकून मी तिचा राग करत होते आणि त्याच वेळी मला दिसत होतं की तिनं चहा गार होऊ दिलाय. ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात. आमचं दोघींचं जळत होतं आणि एकमेकींना सांगायची सोय नव्हती.

घरी आल्यावर अप्पांनी ठरवलं की वस्तीत टीबीचं नाव काढायचं नाही. व्हिसाला वेळ लागायलाय एवढंच सांगायचं. ज्या घरानं गावोगाव जाऊन सांगितलं होतं की लपवू नका, त्या घरात लपवाछपवी सुरू झाली. आरोग्य खात्याच्या कार्यक्रमाचं बोलावणं आलं तेव्हा मायनं पाय दुखायलाय असं कळवलं. पाय काही दुखत नव्हता.

वर्षावासाचे महिने होते. आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत आमच्या विहारात रोज संध्याकाळी ग्रंथ वाचतात, आणि त्या वर्षी वाचायचा मान मला दिला होता, कारण मी परदेशी जाणार होते. वाचन संपेल तेव्हा खीरदान आणि त्यातच माझा निरोप, असं आधीच जाहीर झालेलं. मी रोज पांढरी साडी नेसून बसायचे आणि वाचायचे. समोर चाळीस-पन्नास माणसं, मुलं, म्हाताऱ्या. मी श्वास घेतला की मला वाटायचं, आत काही आहे का? खूण मला दिसत नव्हती, दुखत नव्हती, पण त्या फिल्मनंतर माझी छाती माझी राहिली नव्हती. पान उलटताना मी तोंडावर रुमाल धरायला लागले. लोकांना वाटलं की मला भरून येतंय.

आणि जेवणं चालूच होती. एकदा सुरू झालेली जेवणं थांबवायला कारण सांगावं लागतं, आणि कारण सांगायची बंदी होती. बायका घास पुढं करायच्या तशी मी मान वळवायची. घसा धरलाय म्हणायची, पोट भरलंय म्हणायची. मला रोग नाही हे मला जवळजवळ माहीत होतं, पण जवळजवळ माहीत असण्यावर कुणाच्या हातचा घास घेता येत नाही. शेवटी एक म्हातारी बोललीच, आताच इंग्लंडची झाली गं ही, आमचा घास जायना हिला. सगळ्या हसल्या, मीही हसले. घरी येऊन मी न्हाणीत जाऊन रडले. त्या जेवणाला माय आली नव्हती. हैदराबादहून आल्यापासून ती एकाही घरी आली नव्हती.

हुमनाबादला माझी एक कॉलेजातली मैत्रीण आहे, लिंगायत घरातली. तिच्या आईला आम्ही अक्का म्हणतो. त्यांचं किराणा दुकान आहे. अक्कांनी मला एक मोठी चाकांची बॅग दिली आणि डबा भरून शेंगाहोळग्या केल्या. शेंगदाणा-गुळाची ही पोळी पुष्कळ दिवस टिकते, म्हणून त्या म्हणाल्या, तिथं पोचून पहिल्या दिवशी खा. बॅग मी खोलीच्या कोपऱ्यात ठेवली. त्यात दोन स्वेटर, ज्वारीचं पीठ, शेंगाचटणी आणि होळग्यांचा डबा. अप्पा येताजाता त्या बॅगेला हात लावायचे, सरळ उभी आहे ना ते बघायचे.

मॅडमनी तिकडे मेल लिहिले. गुलबर्ग्याला त्यांच्या खोलीत बसून आम्ही दोघींनी शब्द शोधून शोधून लिहिले. तिकडून फार सभ्य उत्तरं आली. आम्हाला सहानुभूती आहे, वर्ग सुरू झाल्यावर अमुक तारखेपर्यंत आलात तरी चालेल, त्यानंतर नाही. हवं तर पुढच्या वर्षी या. शिष्यवृत्तीच्या कचेरीला विचारलं तर त्यांनी सांगितलं की या वर्षीची निवड या वर्षापुरती, पुढच्या वर्षी नव्यानं अर्ज, नव्यानं निवड. मॅडम चिडल्या, टेबलावर पेन आपटलं आणि मग म्हणाल्या, चल, चहा पिऊ. त्यांच्याकडेही आणखी काही उरलं नव्हतं.

मी दवाखान्यात फोन करत होते. वाट बघा, एवढंच सांगायचे. जंतू वाढतो की नाही ते बघत बसलेत, आणि तो हळू वाढतो. मीही प्रयोगशाळेत बुरशी वाढवलेली, बशीत काही उगवत नाही म्हणून दिवसचे दिवस ताटकळलेली. त्यामुळे मला त्यांना घाई करा असंही म्हणता येईना. तिकडून ठरलेली तारीख आली आणि गेली. त्या दिवशी मी विहारात नेहमीसारखं वाचलं. कुणाला काही कळलं नाही.

त्याच सुमारास एका सकाळी मी परसात गेले तर कोंबड्या उघड्या जमिनीवरच्या कण्या टिपत होत्या. संध्याकाळी जेवायला बसलो तेव्हा मायनं अप्पांना वाढलं, मला वाढलं आणि दाराशेजारच्या देवळीतून ते अल्युमिनिअमचं ताट काढलं. राखेनं घासून घासून तिनं ते पांढरं केलं होतं. ती आमच्यापासून जरा दूर सरकून बसली आणि त्यात जेवायला लागली.

मी अप्पांकडे बघितलं. मला वाटलं, आता ते उठतील, ताट उचलतील, परसात भिरकावतील. वेगळं भांडं चालायचं न्हाई असं पुन्हा म्हणतील. ते भाकरी मोडत राहिले. त्यांनी ना ताटाकडे बघितलं ना भिंतीकडे. मी त्यांना इतकं थकलेलं कधी बघितलं नव्हतं, आणि मला त्या दिवशी खात्री पटली की आता मी कुठंही जात नाही.

माय कितीतरी वर्षांपूर्वी बरी झालेली. ताटानं काही होत नाही हे तिला माझ्या आधीपासून ठाऊक होतं, ती लोकांना तेच तर सांगत फिरली होती. मी तिला हे सगळं बोलून दाखवलं. ती म्हणाली, "असू दे की. मला ह्यात गोड लागायलंय."

वाचन संपलं, खीर झाली. निरोपाचं काय, असं कुणीतरी विचारलं तेव्हा अप्पा उठून म्हणाले की पोरीचं यंदा लांबलंय. लोकांनी माना हलवल्या आणि खीर खाल्ली. कुणी वाईट बोललं नाही. मला वाटतं, त्यांना कधीच कळून चुकलं होतं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत निकाल आला. काही उगवलं नव्हतं. जंतू नव्हता, कधी असलाच तर केव्हाच मेला होता. मी निरोगी असल्याचा दाखला तयार होता, येऊन घेऊन जा म्हणाले. माय अंगणात तूर निवडत होती. मी तिच्याजवळ उकिडवी बसले आणि सांगितलं की काही निघालं नाही, मी साफ आहे.

"मग जायलीस?" तिनं विचारलं.

मी सांगितलं की तारीख उलटून गेली. तिनं सुपातले दोन खडे काढून बाजूला टाकले आणि परत निवडायला लागली.

त्या संध्याकाळी मी अक्कांच्या होळग्यांचा डबा उघडला. अजून चांगल्या होत्या. मी एक अप्पांना दिली, एक माझ्या ताटात घेतली आणि एक मायच्या ताटात ठेवली. मग मी उठून तिच्या शेजारी जाऊन बसले, लहानपणी बसायची तशी, आणि तिच्या ताटातल्या होळगीचा तुकडा मोडायला हात घातला. मला तेवढंच सुचलं होतं. तोंडानं सांगून ती ऐकणार नव्हती.

तिनं ताट आपल्याकडे ओढून घेतलं. रागानं नाही. वासरू वैरणीत तोंड घालायला लागलं की टोपली बाजूला घेतात तसं. आणि दुसऱ्या दिवशी बाजारातून काय आणायचं ते सांगावं अशा आवाजात म्हणाली, "फुडल्या साली परत अर्ज कर. आन तिथं इचारलं, घरी कोन कोन हाय, तर माय न्हाई म्हन. लहानपणीच मेली म्हन."

अप्पा उठले आणि हात धुवायला बाहेर गेले. मी तिथंच बसून राहिले. तिनं होळगी संपवली, ताट धुतलं आणि देवळीत ठेवलं.

पुढल्या साली मी अर्ज केला नाही. आता मी हुमनाबादच्या एका कॉलेजात तासांवर शिकवते. मॅडमनी दोनदा विचारलं, मग सोडून दिलं. वस्तीतले लोक अजून विचारतात, कामून गं गेली न्हाईस? मी सांगते की वयाची अट आडवी आली. ती काही अजून आलेली नाही, पण लोकांना ते पटतं. माय रोज संध्याकाळी विहारात जाते, सगळ्यांबरोबर पंचशील म्हणते, घरी येते आणि त्याच ताटात जेवते.